गळालेली ओळ

माझी पहिली कथा सिद्रामअप्पांनी शिशाचा एकही खिळा उचलण्याआधी अख्खी वाचली, आणि तिच्यातली खोट त्यांना माझ्याआधी सापडली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. यातली शेवटची गोष्ट अजून कोणालाच मान्य नव्हती, पण मला त्याची फिकीर नव्हती.

अप्पा भवानी पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. एकेका अक्षराचा खिळा केसमधून, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीतून, उचलायचा, स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत लावायचा, ओळ पुरी करायची, मग दुसरी ओळ. एक लांबट खोली, दाराशी मालकांचं टेबल, मागे पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि मध्ये भिंतीला लागून खिळ्यांच्या केसेस, एवढाच तो छापखाना. वर्षभर तिथं विड्यांच्या बंडलांची लेबलं, चादरीच्या दुकानांची बिलबुकं आणि लग्नपत्रिका छापत. दिवाळीच्या आधी दोन महिने मात्र आमचा दिवाळी अंक चालायचा. अंक मालकांच्या हौसेचा होता आणि त्याची प्रुफं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण मी शिकलेली होते, जवळच राहत होते आणि मला नाही म्हणता येत नसे.

अप्पा उंच होते आणि केसवर वाकून वाकून मानेतून पुढे झुकले होते. सकाळी येताना कपाळावर विभूतीचे तीन स्वच्छ पट्टे असत. दुपारपर्यंत घाम पुसता पुसता त्यात शाईचा चौथा पट्टा मिसळे. घरी कानडी, छापखान्यात मराठी, आणि खिळे मोजताना पुन्हा कानडी. ओंदु, एरडु, मूरु असं पुटपुटणं चाललं असेल तर त्यांच्याशी बोलायचं नाही, हा तिथला अलिखित नियम होता. चहा बशीतून पीत, पण पिण्याआधी हात साबणाने धूत. शिसं पोटात गेलेलं बरं नाही, असं ते इतक्या गंभीरपणे सांगत की मीही हात धुऊन येई.

त्यांची एक खोड मालकांना मुळीच पसंत नव्हती. बाकीचे जुळारी समोर ठेवलेलं हस्तलिखित ओळीओळीने जुळवत जात. त्यात काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे, आणि तीच रीत होती. अप्पा कथा हातात आली की आधी स्टुलावर बसून ती अख्खी वाचून काढत, आणि मगच उभे राहून पहिला खिळा उचलत. जुळाऱ्याने वाचू नये, जुळवावं, असं मालक त्यांना दर दिवाळीला सुनावत. अप्पा व्हय म्हणत आणि पुढचं पान उलटत. वाचताना जिथं त्यांचं अडे तिथं समासात शिसपेन्सिलीने एक बारीक गोल काढत. शब्द नाही, प्रश्नचिन्ह नाही, नुसता गोल.

माझ्या पहिल्या कथेत असे सतरा गोल होते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या एका विधवेची ती करुण कहाणी होती. मी त्या बाईच्या मनात शिरले होते, तिच्या मालकाच्या मनात शिरले होते, तिच्या दिराच्या मनात डोकावले होते आणि शेवटी शेवटी तर मागालाही तिची कीव आली होती. गोल पाहून मला राग आला. मी अप्पांना विचारलं की हे काय आहे. त्यांनी हातातली स्टिक खाली ठेवली.

"बाई, ही गोष्ट कोण सांगतंय?"

लेखक, मी म्हणाले. वर्गात पाचवीच्या मुलीला सांगतात त्या सुरात.

"ते कुटं उभं हाय?"

लेखक सगळीकडे असतो, असं मी ठासून सांगितलं. अप्पांनी यावर जरा विचार केला. मग म्हणाले की सगळीकडं तर एक देवच असतो, आन त्यानं आजवर एकबी गोष्ट लिवलेली न्हाय. "गोष्ट लिवणाऱ्याला पाय असत्यात, बाई. त्यानं कुटंतरी उभं ऱ्हायला पायजे. तितनं दिसंल तेवढंच लिवायचं."

तीन दिवस मी धुमसत होते. सातवी शिकलेला माणूस मला कथा शिकवतो, हे काही पचेना. चौथ्या दिवशी, केवळ त्यांना खोटं पाडायचं म्हणून, मी तीच कथा शेजारच्या मागावरच्या बाईकडून सांगून पाहिली. त्या शेजारणीला विधवेचं मन कुठून दिसणार? तिला फक्त एवढंच दिसत होतं की ही बाई दुपारी डबा भिंतीकडे तोंड करून उघडते आणि कोणी बघितलं की पदर डब्यावर ओढते. ते एवढंसं दिसल्याबरोबर माझी कथाच बदलली. मी समजत होते की मी दारिद्र्यावर लिहिते आहे. ती कथा अब्रूवर निघाली. अप्पांनी नवी प्रत वाचली, एकही गोल काढला नाही आणि खिळे उचलायला लागले. शाबासकी म्हणून काही नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला बशीतला अर्धा चहा दिला.

पुढे मी मुद्दाम त्यांच्या केसजवळ रेंगाळू लागले. कळत गेलं ते असं की अप्पांचं कथेचं सगळं शिक्षण लग्नपत्रिकांवर झालं होतं. पत्रिकेत नावं कशी लागली आहेत त्यावरून ते घर वाचत. कोणाचं नाव वरच्या ओळीत आहे, कोणाचं 'आपले नम्र' मध्ये ढकललंय, कोणता काका दुसऱ्या प्रुफात आला आणि तिसऱ्या प्रुफात गायब झाला. एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरची पत्रिका जुळवताना ते म्हणाले होते की या घरात मुलीच्या आईला कोणी विचारत नसणार. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, बाप चार खेपा येऊन स्वतःच्या नावाचा टाईप मोठा करून गेला, काल पाचव्यांदा आई आली, ती टाईपाला हातच लावीना, मुलीच्या नावावर बोट ठेवून नुस्तीच उभी ऱ्हायली.

याच न्यायाने ते लेखकांनाही तोलत. एका निवृत्त साहेबांची कथा दरवर्षी अंकात असे, कारण ते जाहिराती मिळवून देत. त्या वर्षीच्या त्यांच्या कथेत एक चोरटी मोलकरीण होती. लोभी, हावरट, कृतघ्न, असं साहेबांनी पानापानावर बजावलं होतं. अप्पा म्हणाले, "लोभी हाय म्हणून सात खेपा लिवलंय. पण ती भाकरी कशी खाते ते एकदाबी न्हाय. मग मला ती दिसायची कशी? मला तर साहेबच दिसतंय, कपाटाला कुलूप लावत बसलेलं." मी हसले, पण नंतर कथा पुन्हा वाचली तेव्हा मलाही साहेबच दिसले.

एका संध्याकाळी वाचनालयात कथेच्या आशयसूत्रावर एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. परतताना मी विचारलं, काय समजलं? साहेब लई शिकलेले हायत, ते म्हणाले. आशय कथेच्या आत कुटंतरी पुरलेला असतो आन तो उकरून काढायचा, असं ते म्हणत हुते. आपल्याला काय तसं वाटत न्हाय. आपण उभं ऱ्हायची जागा बदलली की आशय बदलतो, मग तो पुरलेला कसा असंल? एवढं बोलून ते कानडीत काहीतरी पुटपुटले आणि चपलेचा तुटलेला अंगठा दुरुस्त करायला थांबले.

इथवर लिहिलं ते सगळं गमतीचं आहे. आता जे लिहायचं आहे त्यात माझी फारशी शोभा नाही.

अप्पांना एकच मुलगी होती. महानंदा. घरी तिला नंदव्वा म्हणत. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. आई ती लहान असतानाच गेली होती, आणि माडीवरच्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच राहत. अप्पा पहाटे उठून तिची वेणी घालत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी नंदाने एका दुसऱ्या समाजाच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं. मुलगा नातेपुत्याचा, गुरांच्या दवाखान्यात कामाला, घरी मेंढरं आणि कोरडवाहू शेत. आदल्या दिवशीपर्यंत अप्पांना पत्ता नव्हता. हजारो घरांच्या लग्नपत्रिका जुळवलेल्या माणसाने स्वतःच्या लेकीची पत्रिका जुळवली नाही. दुसऱ्या दिवशी ती नमस्काराला माडी चढून आली. अप्पांनी दार उघडलं नाही. ती त्याच पावली नातेपुत्याला गेली आणि मग बापलेकीत शब्दच राहिला नाही.

अप्पांशी मी याबद्दल कधी बोलले नव्हते. तेही बोलत नसत. पण नंदाने मला त्या दिवसाचं सगळं सांगितलं होतं, आणि अप्पांचा मला मनातून राग होता. दुष्काळ सरला, तिच्या लग्नानंतरची तिसरी दिवाळी आली आणि मी त्यावर कथा लिहिली. नावं बदलली, गाव बार्शी केलं, बापाला धान्याचा व्यापारी केलं. ही कथा दुसऱ्या जुळाऱ्याकडे जाईल, असं मी मनाशी म्हणत होते. खरं सांगायचं तर ती अप्पांकडेच जावी असंही मला वाटत होतं. वाचू दे एकदा, असं. आज त्या वाटण्याची लाज वाटते.

कथा त्यांच्याकडेच गेली. त्यांनी ती स्टुलावर बसून अख्खी वाचली, हे मला मालकांनी सांगितलं. पाच दिवसांनी प्रूफ माझ्या हातात आलं आणि सोबत हस्तलिखित. मी आधी समास पाहिला. एकही गोल नव्हता.

मग प्रूफ वाचायला बसले. शेवटच्या पानावर मुलगी दाराशी उभी राहते, कडी वाजवते, आतून बापाच्या खोकल्याचा आवाज येतो, ती वाट बघते. यापुढे मी लिहिलं होतं: 'बऱ्याच वेळाने आतून कडी घातल्याचा आवाज आला, तेव्हा तिला कळलं की इतका वेळ दार नुसतं लोटलेलंच होतं.' आणि मग ती पायऱ्या उतरते. प्रुफात ती वाट बघते आणि पायऱ्या उतरते. मधली ओळ नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. ओळ गळणं ही जुळाऱ्याच्या हातून होणारी चूक आहे. नजर कागदावरून केसवर जाते, परत येते, आणि एक ओळ खाली उतरते. पोरसवदा जुळाऱ्यांकडून आठवड्याला एखादी होतेच. अप्पांच्या हातून ओळ गळाल्याचं मालकांनाही आठवत नव्हतं. आणि गळाली तीही नेमकी ही. ती नसली की माझी कथा कथाच राहत नव्हती. बाप कदाचित झोपला असेल, आजारी असेल, त्याला ऐकू गेलं नसेल. ती ओळ नसली की त्याचा काही दोषच उरत नव्हता.

समोर केसपाशी अप्पा पाठमोरे उभे होते. माझ्या हातात लाल पेन्सिल होती. माझी तीन वर्षांची अढी तिथल्या तिथे विरघळली म्हणाना. मी खूण केली नाही. कोपऱ्यात सही केली, प्रूफ टेबलावर ठेवलं आणि घरी आले. कथा मेली तर मरू दे, असं ठरवून टाकलं. घरी आल्यावर मात्र नंदाची आठवण येत राहिली. ती तिची ओळ होती. ती तिने मला रडत सांगितली होती, आणि मी ती परस्पर देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. अप्पांनी दुसरं प्रूफ काढून ठेवलं होतं. ओळ जागच्या जागी होती.

"काल एक वळ गळाली हुती," ते म्हणाले. "तुमी खूण केली न्हाय."

दिसली नाही, मी म्हणाले.

"दिसली. तुमी खोटं बोलताना चष्मा पुसताय."

मी चष्मा पुसायचं थांबवलं. मुद्दाम गाळली होती का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. त्यांनीच सांगितलं की मुद्दाम नाही, नजर पुढे गेली आणि हात तिच्या मागून गेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रात्री झोपताना लक्षात आलं आणि मग झोप लागली नाही. मग हातातला फडका घडी करत, माझ्याकडे न बघता ते बोलले.

"दार लोटलेलंच हुतं. ते खरं हाय. मी आत खाटंवर बसलो हुतो. मनात म्हणलं, आता ढकलंल आन यील आत. स्वताच्या घरचं दार हाय की. आली आन चार शब्द बोलली, तर मी बी बोलीन, शिव्या दीन, पण बोलीन. तर ती कडी वाजवाया लागली, परक्यावानी. मी बसूनच ऱ्हायलो. ती ढकलंना. लई वेळ ढकलंना. मग मला राग आला, आन मी उठून कडी घातली."

एकच दार, तेही उघडं, आणि दोन्ही बाजूंना दोघं वाट बघत. ती म्हणत होती, अप्पा उघडतील. अप्पा म्हणत होते, नंदव्वा ढकलेल. मी धडपडून म्हणाले की मी कथा बदलते, हे त्यात घालते, अजून वेळ आहे.

"न्हाय," ते म्हणाले. "ही गोष्ट सांगणारी भाईर उभी हाय. तिला आतलं कुटनं दिसणार? तितनं जेवढं दिसतंय तेवढं तुमी बरोबर लिवलंय. म्हणून तर मी गोल काढला न्हाय." मग म्हणाले, "आतलं घातलं तर ती माजी गोष्ट हुईल. ही तिची हाय. तिची तिला मिळू दे."

आणि नंदाला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. सांगायचं झालं तर ते स्वतः सांगतील. मी शब्द दिला, आणि तो पाळताना माझे फार हाल झाले. अंक निघाला. एक प्रत नातेपुत्याला गेली. महिन्याने नंदाचं पत्र आलं, त्यात मुलाला दात येत असल्याची हकिकत होती, मेंढरांच्या रोगाची हकिकत होती, आणि तळाशी एकच ओळ, की कथा वाचली, ती अप्पांनीच जुळवली का. मी उत्तरात हो एवढंच लिहिलं. पत्र अप्पांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं की मुलगा किती महिन्यांचा झाला.

अप्पा पुढच्या लग्नसराईत छापखाना सोडून गेले. ठरवून सोडला असं नव्हे. चार दिवसांची रजा काढून गेले आणि परतलेच नाहीत. पत्रिकांचा ढीग पडलेला, मालक रोज बोटं मोडत होते. दीड महिन्याने नंदाचा नवरा येऊन माडीवरच्या खोल्यांतलं सामान घेऊन गेला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. मालक चिडले होते. मला मात्र त्या दिवशी वर्गात शिकवताना उगाचच हसू येत होतं.

म्हणजे मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते रजेवर निघाले त्या दिवशी, एसटी स्टँडवर. रविवारची सकाळ होती, मी माझ्या आत्याला पंढरपूरच्या गाडीत बसवून द्यायला गेले होते. पलीकडच्या फलाटावर अप्पा उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, कपाळावर विभूती, बोटांच्या पेरांतली शाई दगडाने घासून घासून काढलेली, त्यामुळे बोटं लालबुंद झालेली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं लहान मुलाचं झबलं. नातेपुत्याची गाडी लागली होती.

मी जवळ गेले. नंदाने बोलावलं का, असं मी विचारलं. न्हाय, म्हणाले. कळवलं तरी आहे का? तेही नव्हतं. कळवलं असतं तर ती दारात येऊन उभी राहिली असती, आणि तसं त्यांना नको होतं. कंडक्टर आत चला म्हणून घाई करत होता. अप्पा पायरीवर चढले, खिडकीपाशी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. मग त्यांनी खिडकीतून वाकून मला हळूच विचारलं, आजूबाजूच्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"बाई, तितं गेल्यावर मी कडी वाजवू, का नुस्तं ढकलून आत जाऊ?"

सत्तावन्न वर्षांचा माणूस होता तो. गाडी सुरू झाली. मी खिडकीचा गज धरून चार पावलं सोबत चालले.

"ढकला, अप्पा," मी म्हणाले. "सरळ ढकला."

त्यांनी मान डोलावली. ते समोर बघू लागले होते, आणि पिशवीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात आत्तापासूनच तळवा पुढे करून तयार होता.